आमची वाटचाल : पँटच्या मोहरीपासून बुटाच्या टोकापर्यंत

आमच्याकडे बुटाची सुरुवात फरम्यापासून होते. फरमा म्हणजे ज्यावर चामडं ओढून बूट उभा करतात तो लाकडी किंवा प्लास्टिकचा पाय. आजोबांनी हाताने तासलेले फरमे अजून फळीवर आहेत आणि त्यांतले बरेचसे कामातही आहेत. तीन पिढ्यांत फॅशन कितीदा फिरली, तरी हे जमलं. फरम्याच्या कोणत्या भागाला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे आमच्या घरात फार लवकर ठरलं होतं.

आजोबा दुसऱ्यांच्या बुटांपेक्षा शिंप्यांच्या कामावर जास्त लक्ष ठेवायचे. पँटची मोहरी रुंद झाली की बूट जाडजूड लागतो, नाहीतर तो कापडाखाली हरवतो. मोहरी अरुंद झाली की सगळा बूट उघडा पडतो, मग टोक निमुळतं आणि तळव्याची कड बारीक हवी. 1970च्या दशकात बेलबॉटमबरोबर उंच टाचा आणि जाड तळवे आले ते याच हिशोबाने. पुढे चौकोनी टोक आलं, मग लांब निमुळतं. आता पुन्हा सैल पँट आहे आणि तिच्याखाली रुंद, गोल टोकाचा बूट. नवीन माल काढताना आम्ही आजही आधी मोहरी बघतो.

टोक निमुळतं करायचं म्हणजे बोटं आवळायची नाहीत. बोटं संपतात तिथून पुढे लांबी वाढवायची आणि टोक त्या रिकाम्या जागेत काढायचं. म्हणून त्याच मापाचा निमुळता बूट गोल बुटापेक्षा लांब दिसतो. चवड्याचा घेर, पायाच्या वरच्या बाजूचा उंचवटा आणि टाचेची पकड ही तीन मापं आम्ही फॅशनसाठी हलवत नाही. टाच उंच करायची असेल तर मात्र फरमा नवाच हवा. जुन्या बुटाखाली उंच हील ठोकून भागत नाही. टाच वर गेली की कमानीचा बाक बदलतो, आतली पोलादी पट्टी वेगळी वाकवावी लागते आणि वजन चवड्यावर येतं. बाबांनी उंच टाचेचे बूट काढायचं ठरवलं तेव्हा आधी फरमे नव्याने करवून घेतले. माल बाजारात उशिरा गेला, पण पायाला लागतो म्हणून परत आला नाही.

बाबा आणि काकांचा खरा वाद यंत्रांवरून झाला. अपर, म्हणजे बुटाचा वरचा चामड्याचा भाग, फरम्यावर ओढून बसवायच्या यंत्राचं पेटंट यान मॅट्झेलिगर यांनी 1883 सालीच घेतलं होतं. आमच्याकडे ते बाबांनी आणलं. काका यंत्राला तयार झाले, पण कापणी त्यांनी हातातच ठेवली, आणि मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. एकाच कातड्यात पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल. बुटाच्या पुढच्या भागाला पाठीचंच चामडं हवं. पोटाकडचं तिथे लावलं तर काही महिन्यांत बूट ढगळ होतो. चामडं कुठे किती ताणतं हे काका दोन्ही हातांनी ओढून बघायचे. माझा भाऊ ते त्यांच्याकडूनच शिकला.

सगळ्यात मोठा बदल स्नीकरने केला. ऑफिसातही लोक स्नीकर घालू लागले आणि आमचे लेसचे काळे बूट मागे पडले. स्नीकर करायचे हे ठरवायला वेळ लागला नाही. तळवा कोणता लावायचा यावर मात्र घरात पुष्कळ चर्चा झाली. मऊ पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) तळवा पहिल्या दिवशी छान वाटतो, पण त्यातली पॉलिएस्टर जात हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत कपाटात पडल्या पडल्याही भुगा होते. मग आम्ही वाटीसारखा रबरी तळवा घेतला, आत ईव्हीएचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, हलका थर ठेवला आणि तळव्याची भिंत अपरला चिकटवून वर शिवूनही घेतली. वजन थोडं वाढतं, पण शिवण उसवून तळवा बदलता येतो. दुरुस्तीला येणारं गिऱ्हाईक आम्हाला नव्या गिऱ्हाइकाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सध्या आमचं निम्मं लक्ष मापांवर आहे. इंग्लिश पद्धतीत एका नंबरचा फरक सुमारे 8.5 मिलिमीटर, युरोपीय पद्धतीत सुमारे 6.7. त्यामुळे नुसता नंबर कळवून मागवलेला बूट बसेलच असं नाही. म्हणून ऑनलाइन ऑर्डर घेताना आम्ही पायाची लांबी आणि चवड्याचा घेर मिलिमीटरमध्ये मागतो. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. कागदावर उभं राहून दोन्ही पाय मोजा. ते बहुधा सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप कळवा, लहान पायाच्या बुटात आम्ही पातळ सुखतळा घालून देतो.