लाल पेन त्यांच्या हातात द्या

"नवी सिस्टिम आणायची म्हणून आम्ही अभ्यासाला जातो, पण लोक वेळच देत नाहीत. मीटिंगला येतात, माना हलवतात, आणि सॉफ्टवेअर तयार झालं की म्हणतात, 'आमच्याकडे असं चालतच नाही.' काय करायचं?" नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत सिस्टिम अ‍ॅनालिसिस करणारी, म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याआधी तिथलं काम कसं चालतं ते समजून घेणारी मंडळी हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी ती मोठी मीटिंग रद्द करा. बारा जण एका खोलीत बसले की साहेब बोलतात, बाकीचे ऐकतात. 'माल आधी आत येतो, पीओ (खरेदीची ऑर्डर) मागून निघते' हे साहेबांसमोर कोणता स्टोअरकीपर कबूल करेल? आणि तुम्हाला तर नेमकं तेच हवं असतं.

त्यापेक्षा एक कागद धरा आणि त्याच्या मागे मागे चाला. पुरवठादाराचं चलान गेटवर येतं, वॉचमन रजिस्टरमध्ये नोंद करतो, काट्यावर वजन होतं, क्वालिटीवाले माल तपासतात, स्टोअर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद बनवतं, अकाउंट्सवाले बिल टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतात. कागद ज्याच्या ज्याच्या हातात थांबतो तो तुमचा माणूस. हुद्द्यांच्या तक्त्यावरून यादी केली की काट्यावरचा माणूस हमखास सुटतो, आणि वजनातला फरक सगळ्यात आधी त्यालाच दिसतो.

प्रत्येकाला त्याच्या जागेवर भेटा, फार तर पाऊण तास. दोघं जा: एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं तर 'सोपं हवं' एवढंच उत्तर येतं. 'गेल्या आठवड्यात कुठलं चलान अडकलं, दाखवा,' म्हणा. कागद निघतो, आणि त्याच्यासोबत तक्रारही.

मग ऐकलेलं सगळं ए३ कागदावर पेन्सिलनं काढा आणि दोन दिवसांच्या आत त्याच माणसाकडे परत न्या. त्यात चुका असणारच. रिकामा कागद भरायला कोणी बसत नाही. दुसऱ्याची चूक काढायला मात्र सगळ्यांकडे वेळ असतो. लाल पेन त्यांच्या हातात द्या. रंगीत प्रिंट नेलीत तर 'ठीक आहे' म्हणून परत मिळेल, कारण छापलेल्या गोष्टीवर रेघ मारायला माणूस कचरतो. मुद्दाम चुका पेरू नका, हेही सांगून ठेवतो. ते कळलं की पुढच्या वेळी चहासुद्धा मिळणार नाही.

वेळ मागताना कॅलेंडर बघा. दर महिन्याला जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. त्याआधीचे दोन-तीन दिवस अकाउंट्सकडे फिरकू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, अर्धं खातं नागपूरच्या महालात, इतवारीत असतं. काम सरकारी कार्यालयाचं असेल तर डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आटोपेपर्यंत थांबा.

खरा अडथळा वेगळाच असतो. ज्याची डायरी हीच आजची सिस्टिम आहे, त्याला या बदलात आपली गरज संपताना दिसते. त्याला 'काळजी करू नका' म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. त्याचं पुढे काय होणार हे मालकाला विचारा, आणि ते मालकानंच त्याला सांगावं असा आग्रह धरा. तोपर्यंत तो डायरी उघडणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही.

परचेस आणि अकाउंट्स यांचं पटणार नाही, हे गृहीत धरा. प्रत्येक वादापुढे निर्णय देणाऱ्या एकाचंच नाव आणि तारीख लिहा. दोन नावं लिहिलीत की निर्णय लोंबकळला.

साठ पानांच्या दस्तऐवजावर सही लगेच मिळते, कारण तो कोणी वाचत नाही. त्यापेक्षा दहा जुनी चलानं काढा: सहा साधी, चार वाकडी. कमी आलेला माल, परत गेलेला माल, एका चलानावर दोन पीओ आणि रविवारी पीओशिवाय उतरवलेला ट्रक. सगळ्यांना टेबलाभोवती बसवून एकेक चलान नव्या पद्धतीनं चालवून बघा. जे मध्येच अडेल त्याचा निर्णय तिथंच लिहा, आणि सही त्या पानावर घ्या.