डरहॅमची काळी रेघ

इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसलहून डरहॅमला रेल्वेने जायला पाव तास पुरतो. स्थानकापासून कथीड्रलपर्यंतचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपर्यंतचा, फरसबंदी चढ चढताना मात्र माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि त्याबद्दल भाचीला वाटेत बरेच ऐकून घ्यावे लागले. १०९३ साली बांधायला घेतलेल्या या वास्तूतील नागमोडी नक्षीचे अवाढव्य खांब पाहण्यासाठी आम्ही आलो होतो, पण आत शिरताच, पश्चिम टोकाला, जमिनीत बसवलेल्या काळ्या दगडाच्या एका पट्टीपाशी माझे पाय थांबले.

पट्टीच्या मधोमध क्रूस आहे. माहिती देणाऱ्या वृद्ध स्वयंसेविकेने सांगितले की, १५३९ च्या अखेरीस इथला बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ बरखास्त होईपर्यंत या रेघेपुढे बायकांना प्रवेश नव्हता. ज्यांची समाधी इथे आहे त्या संत कथबर्ट यांना स्त्रियांचा सहवास खपत नसे, अशी समजूत होती. १३३३ साली तर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याची राणी फिलिपा हिला मठातून भर रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी उठून किल्ल्यात जावे लागले, अशी कथा आहे. बायकांसाठी पश्चिमेला गॅलिली चॅपेल बांधून दिले. म्हणजे सोय केली, पण रेघेच्या अलीकडेच!

मला शनिशिंगणापूर आठवले. लहानपणी वडील अंघोळ करून ओलेत्याने चौथऱ्यावर चढत आणि आई व मी चपला सांभाळत खाली उभ्या असू. आईने कधी तक्रार केली नाही आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, याचीच आता अधिक लाज वाटते. २०१६ साली तो चौथरा स्त्रियांना खुला झाला, तेव्हा आई हयात नव्हती.

रेघेवर मुद्दाम पाय देऊन पुढे जावे, असे मनात आले होते. प्रत्यक्षात मी उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून पलीकडे टाकला. सवय, दुसरे काय! मुख्य वेदीमागे कथबर्ट यांची समाधी आहे: एक साधी शिळा, तिच्यावर फक्त नाव. तिथे मी हवा तेवढा वेळ बसले. गुडघ्यांनाही ते हवेच होते.

परतताना वळून पाहिले, तर भाची नेमकी त्या क्रुसावर उभी राहून जॅकेटची अडकलेली चेन ओढत होती.