पाचवी

"फोटोसाठी फक्त चौघी थांबा," निवेदक माईकवरून म्हणाले आणि पाचवी मुलगी गुपचूप स्टेजवरून खाली उतरली.

आंतरशालेय बक्षीस समारंभ होता. वक्तृत्व, बुद्धिबळ, विज्ञान प्रदर्शन... नावं भराभर पुकारली जात होती, टाळ्याही सवयीनेच पडत होत्या. (मीही पुतण्याचं चित्रकलेचं बक्षीस झाल्यावर मोबाइल काढलाच होता.)

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. बुटाची नाडी सोडायची, परत बांधायची. ४ × १०० मीटर रिलेच्या प्राथमिक फेरीत ती धावली होती; अंतिम फेरीत तिच्या जागी दुसरी उतरली. पदकं चारच आली.

"चौघींत कितवी धावलीस?"

"तिसरी. वळणावर." मग जरा खुलून म्हणाली, "तिथे बॅटन उजव्या हातात घ्यायचं. म्हणजे आतल्या कडेने पळता येतं."

एवढं बारकाईने ठाऊक असलेली पोर, आणि आम्ही तिला फोटोतून बाहेर काढली.

ऑलिंपिकमध्ये रिलेच्या नुसत्या प्राथमिक फेरीत धावलेल्यांनाही संघाचं पदक मिळतं. इथे पदकांची ऑर्डर देताना कुणी संघाची यादी उघडून तरी बघितली असेल का?