वांगावर काय लावलंत?

डबा न्यायला येणाऱ्या बायकांपैकी आठवड्यात एखादी तरी पैसे देता देता माझ्या तोंडाकडे बघत थांबते. मग आवाज खाली आणून म्हणते, "काकू, तुमचे वांग गेले की हो! काय लावलंत?" तिनं मला बारा वर्षांपूर्वी बघितलेलं असतं. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर चहा सांडून वाळल्यासारखे डाग, आणि पुढ्यात पोळ्यांची चळत. मागे चार गिऱ्हाईकं उभी असताना माझ्या तोंडून एवढंच निघतं, "डॉक्टरांना दाखवा." समोरचीला वाटतं, बाई ट्यूबचं नाव लपवतेय. म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकते. लांबण लागेल, पण तुम्ही विचारलंत.

आधी एक चूक दुरुस्त करते. माझे वांग गेलेले नाहीत, झोपलेत. चुलीत राखेखाली निखारा असतो तसे. मी तीन दिवस हलगर्जीपणा केला की डाव्या गालावरचा डोळे किलकिले करतो.

ते आले धाकट्याच्या वेळी, सातव्या महिन्यात. आईच्या गालांवरही होते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचे आपोआप फिके होतात. माझे झाले नाहीत, कारण पुढे मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्या आणि त्याच सुमाराला पोळी-भाजी केंद्र सुरू केलं. गर्भारपण, त्या गोळ्या, आईकडून आलेली कातडी आणि ऊन असे चौघे एकत्र आले की रंग तयार करणाऱ्या पेशी हळव्या होतात आणि जरा डिवचलं तरी जास्तीचा रंग ओततात. हे मला कळलं फार नंतर. तेव्हा एकच ठाऊक होतं: डाग आहे, तर घासून काढायचा.

सासूबाईंनी सहाणेवर दुधात जायफळ उगाळून दिलं. ते दोन महिने लावलं, वास तेवढा छान यायचा. मग शेजारणीनं लिंबू सुचवलं. लिंबाची फोड गालांवर चोळून मी सकाळी मंडईला गेले आणि दोन दिवसांत होते त्याहून काळे डाग घेऊन बसले. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि तिथे नवा डाग पडतो. डब्याच्या एका गिऱ्हाइकाचा व्यवसाय वैद्यकीचा. ते म्हणाले, आयुर्वेदात याला व्यंग म्हणतात, वांग शब्द त्यातूनच आला, आणि कारणं सांगितलीत राग आणि श्रम. आमचे हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "मग हिचे जायचे नाहीत."

आता त्या ट्यूबकडे येते. याच भागासाठी मी लिहायला बसले.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हटलं, वांगावरची ट्यूब द्या. त्यानं काही न विचारता दिली, मीही काही न विचारता घेतली. रोज रात्री लावायची. तिसऱ्या आठवड्यात आरशात बघितलं तर तोंड एका रंगाचं! मला कधी गोरं व्हायचं नव्हतं हो, एका रंगाचं व्हायचं होतं. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला मी पहिल्यांदा फाउंडेशन न थापता गेले. ज्या ज्या बाईनं विचारलं तिला ट्यूबचं नाव सांगितलं. किमान दहा जणींना सांगितलं असेल. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मी ती ट्यूब दीड वर्ष लावली. हळूहळू तव्यासमोर उभं राहिलं की गाल पेटल्यासारखे लाल व्हायला लागले. हनुवटीवर चाळिशीत पुटकुळ्या. गालांवर बारीक लव. नाकाच्या बाजूला लाल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. दोन दिवस ट्यूब बंद केली की अशी आग व्हायची की तिसऱ्या रात्री मुकाट्यानं परत लावायची. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली. ती तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. बेसिनवरची ट्यूब उचलून तिनं मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि म्हणाली, "आई, तू हे किती दिवस लावतेस?" मी सांगितल्यावर ती तिथल्या स्टुलावर बसलीच.

आत तीन औषधं होती. हायड्रोक्विनोन रंग तयार होण्याचं काम मंद करतं. ट्रेटिनोइन जुनी कातडी लवकर झडवतं. तिसरं मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. पहिल्या दोघांनी होणारी जळजळ ते दाबतं आणि डागही उजळवतं, म्हणून तर तीन आठवड्यांत जादू दिसते. अशा तिहेरी मिश्रणाची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस यांनी ती १९७५ मध्ये मांडली. म्हणजे औषध वाईट नाही. सौम्य स्टेरॉइडचं मिश्रण डॉक्टर आजही देतात, पण साधारण आठ आठवडे, आणि नजरेखाली. मी दीड वर्ष लावलेलं स्टेरॉइड चेहऱ्यासाठी जोरकस होतं. माझ्यासारख्या इतक्या जणी देशभर निघाल्या की त्वचेच्या डॉक्टरांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय, त्याचा अर्थ स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली. चिठ्ठीशिवाय मिळतात का, ते तुमच्या कोपऱ्यावर तुम्हीच बघा.

मग मिरज. सांगलीकरांना दुखणं अंगावर निघालं की मिरजच आठवते. त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी खोलीत अंधार करून जांभळ्या दिव्याखाली गाल बघितले. रंग कातडीत किती खोल गेलाय त्याचा अंदाज त्यावरून येतो, वरचा रंग लवकर उतरतो, खोलातला दमवतो. माझा दोन्हीकडे होता. पाळी, गोळ्या, थायरॉइड सगळं विचारलं आणि मग म्हणाल्या, "काम काय करता? तव्यासमोर किती तास?" मी म्हटलं, सहा तरी. त्यांनी पेन खाली ठेवलं. ऊन तर ऊन, पण सततची धगही वांगाला चिथावते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन महिने वांगावर काहीच दिलं नाही. आधी स्टेरॉइड उतरवायचं, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावायचं. ते दिवस फार वाईट गेले. तोंड टोमॅटोसारखं, वांग पहिल्यापेक्षा गडद, आणि येणारा जाणारा विचारतोय, "वाफ आली का हो अंगावर?" हो म्हणायचे. सोपं पडायचं.

सनस्क्रीनबद्दल माझी समजूत होती की ते समुद्रावर जाणाऱ्यांचं. मी तर घरात असते. पण स्वयंपाकघरात पश्चिमेची खिडकी आहे आणि वारा लागावा म्हणून मी तवा नेमका तिच्यापाशी हलवला होता. काचेतून जळजळीत ऊन अडतं, पण डाग गडद करणारे काही किरण सरळ आत येतात. डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा आपल्यासारख्या सावळ्या कातडीत वांग वाढवतो आणि पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी रंगीत लागतं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. मुलगी म्हणाली, "आई, आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूच की." तुळशीवृंदावनाला सारवतो तो! (कुंडीवरचा गेरू तोंडाला फासू नका. आमच्याकडे एकीनं तेही विचारून झालंय.) एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायचा ट्यूबवरचा आकडा, तीसच्या वरचं, तर्जनी आणि मधलं बोट भरेल इतकं तोंडाला आणि मानेला, आणि घाम पुसला की दर दोन-तीन तासांनी पुन्हा. ही मात्रा ऐकली की बायकांचे चेहरे पडतात. एक ट्यूब महिनाभर पुरत नाही, हे खरं आहे. मी साडीच्या भिशीचे पैसे तिकडे वळवले.

खिडकीला जाड पडदा लावला. तव्याच्या वर मोठा एक्झॉस्ट बसवला. पोळ्या भाजायला एक मावशी ठेवल्या आणि मी लाटायला सरकले. त्यांनाही सनस्क्रीन मीच आणून देते, नाहीतर माझे वांग त्यांच्या गालावर जायचे. मंडईला छत्री, गाडीवर सुती स्टोल. टॉवेलनं खसाखसा पुसणं, स्क्रब, पार्लरमधली वाफ हे सगळं बंद, कारण घासलं की आपली कातडी काळवंडते.

औषधं त्यानंतर आली. आधी वीस टक्क्यांचं अझेलेइक अॅसिड. सुरुवातीला खाजतं, पण गरोदरपणातही देतात इतकं बेतानं वागणारं. मग फक्त रात्री, फक्त डागावर, तीन महिने हायड्रोक्विनोन आणि मग सक्तीची सुट्टी. ते वर्षानुवर्षं चोपडत राहिलं तर निळसर काळे डाग पडतात आणि ते घालवणं वांगापेक्षा अवघड. ट्रानेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्याही असतात. ज्यांच्या अंगावरून जास्त जातं त्यांना देतात त्याच, वांगासाठी कमी मात्रेत. मला दिल्या नाहीत. आईच्या पायात एकदा रक्ताची गुठळी झाली होती, हे डॉक्टरबाईंनी खोदून विचारून काढलं. म्हणून सांगते, मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. लेसरचं पॅकेज एका ठिकाणी मला गळ्यात मारत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, वांगावर त्याची धग उलटू शकते, तुम्ही तर मुळीच करू नका.

फरक दिसायला आठ महिने लागले.

आणि तुमचे वांगच आहेत हे कशावरून? नणंदेच्या कपाळाच्या कडेला करडे-काळे पट्टे आले, ती माझंच सनस्क्रीन लावत राहिली. निघालं काय, तर केसांचा काळा डाय सोसत नव्हता. डाय सोडल्यावर वर्षभरानं ओसरलं. भाच्याची मान आणि कानशिलं मखमलीसारखी जाड, काळी झाली होती. वहिनी त्याला घासून आंघोळ घालायची. त्याची रक्तातली साखर तपासायला हवी होती, वजन उतरल्यावर मान उजळली. घटक न छापलेल्या, डबीतून मिळणाऱ्या गोरं करणाऱ्या क्रीमचं तर नावच नको. त्यात पारा निघतो, तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो.

आता समजलं असेल, मी ट्यूबचं नाव का सांगत नाही. एकदा दहा जणींना सांगून बसलेय. त्यातल्या चौघींना नंतर गाठून ती बंद करायला लावली. दोघी ऐकून हसल्या, "तुमचं झालं, आता आमचं होऊ देत नाही." बाकीच्या गाव सोडून गेल्या.

यंदा एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नात मांडवात दोन दिवस उन्हात गेले आणि डावा गाल परत चहाच्या रंगाचा झालाय. लांबून कळत नाही. मुलगी दर महिन्याला त्याच खिडकीत, पडदा सारून, त्याच वेळेला माझा फोटो काढते आणि मागच्याशी ताडून बघते. या महिन्याचा बघून म्हणाली, "मिरजेची तारीख घेऊ या." सोमवारची मिळालीय. त्या दिवशी डबे अकराऐवजी साडेदहाला तयार असतील.