बस अडवणाऱ्यांनी सुरू केलेला कार्निव्हल

१९६३ सालापर्यंत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या बसमध्ये कंडक्टर गोराच असायचा. काळ्या किंवा आपल्यासारख्या सावळ्या माणसाला डेपोच्या वर्कशॉपमध्ये काम मिळे, कॅन्टीनमध्ये मिळे. पण गणवेश घालून प्रवाशांसमोर उभं राहायचं काम मिळत नसे. कंपनीला माणसं कमी पडत होती, तरीही नसे. कामगार संघटनेच्या इथल्या शाखेनं १९५५ मध्येच ठराव केला होता की बसवर ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून बिगरगोरे नकोत. आणि हे सगळं कायद्याला धरून होतं, कारण वर्णभेद करू नका असं सांगणारा कायदाच तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हता.

मी ज्या शहरात राहते त्याची ही गोष्ट आहे. सेंट पॉल्स कार्निव्हलचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की लगेच उत्तरं येतात: किती सुंदर कपडे, तिकडे सगळे कसे मिळूनमिसळून राहतात! कपडे सुंदर असतातच. पण हा कार्निव्हल कुणी सुरू केला आणि त्याआधी त्या माणसांनी काय केलं होतं, हे कळल्याशिवाय त्या फोटोंचा अर्थ लागत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

सेंट पॉल्स हा शहराच्या मध्यालगतचा भाग. एकेकाळी श्रीमंत व्यापाऱ्यांची घरं इथे होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, भाग पडका झाला, खोल्या स्वस्त झाल्या. जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं इथे राहू लागली, कारण इतरत्र घरमालक दार उघडत नव्हते. १९६०च्या सुमाराला शहरात असे तीनेक हजार लोक असावेत. रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली एव्हान्स ही त्यांच्यातली काही नावं. त्यांनी मिळून एक मंडळ काढलं आणि बस कंपनीचा प्रश्न हातात घेतला. त्यांना साथ मिळाली पॉल स्टीव्हनसनची. हा तरुण कृष्णवर्णीय, पण जन्म इंग्लंडमधलाच, आणि काम युवक अधिकाऱ्याचं.

स्टीव्हनसननं केलं ते अगदी साधं होतं. कंपनीत फोन करून जागा आहेत का ते विचारलं. आहेत म्हटल्यावर गाय बेली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाची मुलाखत ठरवली. मुलगा रात्रशाळेत शिकणारा, क्रिकेट खेळणारा, नाव ठेवायला जागा नाही असा. मग मुलाखतीच्या थोडा वेळ आधी कंपनीला कळवलं की मुलगा वेस्ट इंडियन आहे. मुलाखत रद्द झाली. पुरावा हातात आला. एप्रिल १९६३ च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं की आम्ही या बसमध्ये बसणार नाही. अमेरिकेत माँटगोमेरीच्या लोकांनी आठ वर्षांपूर्वी हेच केलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

लोक चालत कामावर जाऊ लागले. विद्यापीठातले विद्यार्थी मोर्चा घेऊन निघाले. फिशपॉन्ड्स रोडवर हॅकेट आणि त्यांच्या सोबत्यांनी बस अडवल्या. शहरातल्या प्रतिष्ठितांना हे रुचलं नाही. चर्चच्या परिषदेनंही आंदोलनाच्या पद्धतीबद्दल नाराजी व्यक्त केली. इथला मजूर पक्षाचा नेता टोनी बेन मात्र बाजूनं उभा राहिला. आणि क्रिकेटवेड्या वाचकांना आवडेल असं एक नाव इथे येतं: लिअरी कॉन्स्टंटाईन. वेस्ट इंडीजचा हा थोर अष्टपैलू तेव्हा त्रिनिदादचा लंडनमधला उच्चायुक्त होता. १९४३ मध्ये लंडनच्या एका मोठ्या हॉटेलनं त्याला त्याच्या रंगामुळे राहू दिलं नव्हतं, तेव्हा तो कोर्टात गेला होता आणि जिंकला होता. सरकारी पदावर असूनही ब्रिस्टलच्या वेळी तो गप्प बसला नाही. मला या सगळ्या कथेत त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. स्वतःचा अपमान लक्षात ठेवून दुसऱ्याच्या अपमानाच्या वेळी बोलायचं, तेही अधिकाराची खुर्ची पणाला लावून, हे सोपं नाही.

चार महिन्यांनी, २८ ऑगस्ट १९६३ ला, कंपनीनं रंगबंदी संपल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लाखोंच्या सभेत बोलत होते.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. सप्टेंबरमध्ये ब्रिस्टलच्या बसवर जो पहिला बिगरगोरा कंडक्टर चढला तो जमैकन नव्हता. तो रघबीर सिंग नावाचा शीख होता. कॅरिबियन लोकांनी उन्हापावसात पायपीट करून उघडलेल्या दारातून पहिला आत गेला तो एक भारतीय. पुढे १९६५ चा पहिला वंशसंबंध कायदा आला, आणि नोकरी व घर यांतला भेदभाव बेकायदा ठरवणारा १९६८ चा. या कायद्यांमागे अनेक शहरांतले लढे होते, ब्रिस्टलचा त्यातला एक ठळक. आज मी आणि माझ्यासारखे शेकडो मराठी लोक इथे हॉस्पिटलांत, विमानाच्या कारखान्यांत, विद्यापीठांत काम करतो. आमच्यातले कितीतरी जण म्हणतात, आम्ही गुणवत्तेवर आलो. गुणवत्ता गाय बेलीकडेही होतीच की. त्याला नुसती मुलाखतही मिळाली नाही.

१९६८ मध्ये सेंट पॉल्सच्या रहिवाशांनी एक उत्सव सुरू केला. त्याचाच पुढे कार्निव्हल झाला. सुरू करणाऱ्यांत हॅकेट, हेन्री, एव्हान्स होतेच. त्यांच्याबरोबर कार्मेन बेकफोर्ड, बार्बरा डेटरिंग, डोलोरेस कॅम्पबेल, क्लिफर्ड ड्रमंड. या सातजणांना आता ‘सेंट पॉल्सचे सात संत’ म्हणतात, आणि मिशेल कर्टिस या चित्रकर्तीनं त्यांची घराच्या भिंतीएवढी मोठी चित्रं त्याच वस्तीत रंगवली आहेत. बस अडवणं आणि नाच-गाण्याचा उत्सव भरवणं ही त्यांच्या लेखी वेगवेगळी कामं नव्हती. ज्या वस्तीचं नाव वर्तमानपत्रात फक्त गुन्ह्यांच्या बातमीत येत होतं, तिथल्या माणसांनी शहराला आपल्या गल्लीत बोलावलं: या, आमचं जेवण जेवा, आमची गाणी ऐका. सुरुवातीपासून त्यात आयरिश, आशियाई, इंग्लिश शेजारीही होते.

कार्निव्हल दर वर्षी भरतोच असं नाही; भरतो तेव्हा जुलैच्या पहिल्या शनिवारी असतो. मला सगळ्यात आवडते ती शाळांची मिरवणूक. कितीतरी आठवडे आधीपासून मुलं वर्गात पोशाख बनवत असतात: तारेचे पंख, रंगीत पिसं, पुठ्ठ्याचे मासे. सोमाली, पोलिश, जमैकन, मराठी, कुठलीही मुलं एकाच फुलपाखराच्या टोळीत चालतात, आणि रस्त्याच्या कडेला आया-आज्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सोबत पळत असतात. दुपारनंतर साउंड सिस्टिम सुरू होतात. कपाटाएवढे स्पीकर एकावर एक रचलेले, घराच्या खिडक्या थरथरतात. लोक आपापल्या घरापुढच्या अंगणात शेगडी मांडून जर्क चिकन (जमैकन मसाला लावून भाजलेलं) विकतात, बोकडाची करी विकतात.

तिथे एका त्रिनिदादच्या बाईंकडे मी रोटी घेते. मऊ, दुपदरी, आत जिरं घातलेल्या भरड डाळीचा थर. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा. ही रोटी १८४५ नंतर उत्तर भारतातून गिरमिटिया म्हणून, म्हणजे करारानं बांधून, नेलेल्या मजुरांनी त्रिनिदादला पोचवली. गुलामगिरी कायद्यानं बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्तात राबणारे हात हवे होते, म्हणून आपले लोक नेले गेले. मराठी मजूरही असेच मॉरिशसला गेले. ती रोटी खाताना मला नेहमी वाटतं की आफ्रिकन आणि भारतीय माणसांचं दुःख एकाच मळ्यात एकामागून एक पेरलं गेलं. मग आपण त्यांच्याकडे परक्यासारखं का पाहतो?

खाण्याच्या रांगेपलीकडे माहितीची टेबलं मांडलेली असतात, तिकडे फारसं कुणी फोटो काढत नाही. घरमालकानं फसवलं तर काय करायचं, पोलिसांनी रस्त्यात अडवून झडती घेतली तर आपले हक्क कोणते, शाळेत मुलाला रंगावरून चिडवलं तर तक्रार कुठे करायची. ब्रिस्टलमध्ये सारी (SARI) नावाची संस्था १९९१ पासून द्वेषाच्या गुन्ह्यांना बळी पडलेल्यांना मदत करते. नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला मी या संस्थेचं नाव आधी सांगते, भारतीय किराण्याचं दुकान नंतर.

कारण उत्सवांनी शहर बदलून गेलं असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. एप्रिल १९८० मध्ये याच सेंट पॉल्समध्ये एका कॅफेवर पोलिसांनी छापा घातला आणि दंगल उसळली. आणि बिजान इब्राहिमींचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इराणमधून आलेले हे अपंग निर्वासित ब्रिस्टलमध्ये राहत, फुलझाडं लावत. कुंड्यांची नासधूस करणाऱ्या पोरांचे त्यांनी पुराव्यासाठी फोटो काढले, तर शेजारच्यांनी ते लहान मुलांवर वाईट नजर ठेवतात अशी खोटी आवई उठवली. जमाव जमला आणि पोलिसांनी पकडलं इब्राहिमींनाच. सोडून दिल्यावर ते पुन्हापुन्हा फोन करून मदत मागत राहिले. जुलै २०१३ मध्ये एका शेजाऱ्यानं त्यांना ठार मारून मृतदेह जाळला. २०१६ मध्ये एक पोलीस आणि एक साहाय्यक पोलीस तुरुंगात गेले. ज्या शहरात इतके रंगीत उत्सव होतात, तिथे वर्षानुवर्षं तक्रार करणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नाही. म्हणूनच ती माहितीची टेबलं मला ढोलांइतकीच महत्त्वाची वाटतात.

या शहराच्या श्रीमंतीचा पायाही ठाऊक असायला हवा. इथल्या जहाजांनी आफ्रिकेतून माणसं नेऊन विकण्यासाठी दोन हजारांहून अधिक सफरी केल्या. त्या व्यापारातून पैसा मिळवलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा १८९५ पासून शहराच्या मध्यावर उभा होता. तो हलवा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या झाल्या. ७ जून २०२० ला आंदोलकांनी तो दोर लावून पाडला आणि बंदरात ढकलला. आता तो एम शेड संग्रहालयात आहे, आडवा, अंगावर आंदोलकांनी फासलेल्या रंगासकट. मला हे योग्य वाटतं. इतिहास पुसला नाही, त्याचा मान काढून घेतला.

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनभर निर्वासितांविरुद्ध दंगली झाल्या, तेव्हा आमच्याकडे काय झालं हे घरच्यांनी काळजीनं विचारलं होतं. निर्वासितांना ठेवलेल्या एका हॉटेलवर जमाव चालून आला आणि त्याच्या दारासमोर साधी माणसं हातात हात अडकवून उभी राहिली. चारच दिवसांनी ओल्ड मार्केटमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड गर्दी जमली. अशी गर्दी एका रात्रीत जमत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांच्या उत्सवात खुर्च्या लावलेल्या, एकमेकांचे फोन नंबर असलेल्या लोकांनी ती जमवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉल स्टीव्हनसन गेले.

आता आपल्याबद्दल. आपण मराठी लोक बहुसांस्कृतिक कार्यक्रमांत हौसेनं लेझीम घेऊन जातो, नऊवारी नेसून जातो. वर्णद्वेषाबद्दल तळमळीनं बोलतोही. पण त्याच गटात नवीन आलेल्या मुलाला आडनावावरून चाचपणारे प्रश्न विचारले जातात, लग्नाच्या अपेक्षांच्या यादीत ‘गोरी’ लिहिलं जातं, हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला संताप येतो. जातिभेद समुद्र ओलांडून आला आहे. बिहारमधून इथे आणलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईच्या खटल्यात २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणानं मान्य केलं की जातीवरून केलेला भेदभाव काही परिस्थितीत वांशिक मूळ या कलमाखाली येऊ शकतो. पुढच्या वर्षी तिला थकलेल्या पगारापोटी एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा ही मागणी मात्र सरकारनं २०१८ मध्ये बाजूला ठेवली. तो उल्लेख हवाच, असं माझं ठाम मत आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं. बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि कॉन्स्टंटाईनला लंडनच्या हॉटेलनं. महाडला प्रश्न सार्वजनिक तळ्याचा होता, ब्रिस्टलला सार्वजनिक बसचा.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही काही जणांनी एका चर्चच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम केला. सेंट पॉल्समधल्या एका ज्येष्ठ आजोबांनी बस बहिष्काराच्या आठवणी सांगितल्या, आमच्यातल्या एका मुलीनं चवदार तळ्याबद्दल सांगितलं. आपल्यातले काही जण आधी म्हणत होते, इथे हे विषय कशाला, आपली बदनामी होते. आजोबांनी मात्र खोदून खोदून विचारलं: तळ्यावर किती लोक गेले, नंतर मार खाल्ला का, पाणी शेवटी कधी मिळालं. दोन मराठी कुटुंबं, जी येणार नाही म्हणाली होती, ती मुलांना घेऊन शेवटपर्यंत बसली.

ऑक्टोबरमध्ये इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. तेव्हा आम्हाला वाचनालयात बस बहिष्कार आणि महाड यांचं एकत्र प्रदर्शन मांडायचं आहे. इंग्रजी मजकूर तयार आहे, मराठीचं काम चालू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात महाडला गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या ऐकीव आठवणी असतील, तर चार ओळी का होईना, लिहून पाठवा. नाव द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सप्टेंबर अखेरपर्यंत आल्या तर फलकावर घेता येतील.