चौदा वर्षांची घोडी

इंग्लंडमध्ये घोड्यांचा पशुवैद्य म्हणून काम करताना माझा बराचसा वेळ आजारांऐवजी विक्रेत्यांचे दावे तपासण्यात जातो. खरेदीपूर्वी गिऱ्हाईक पाच टप्प्यांची तपासणी करून घेते. त्यात डोळे, हृदय आणि पाय पाहतात, स्वार बसवून घोडा पळवतात, विश्रांतीनंतर पुन्हा चालवून बघतात आणि रक्ताचा नमुना काही महिने राखून ठेवतात. यॉर्कशरमधल्या एका तबेल्यात मी अशाच कामासाठी गेलो होतो. जाहिरातीनुसार घोडी चौदा वर्षांची आणि ‘हॅपी हॅकर’ होती.

या हॅकरचा संगणकाशी संबंध नाही. रानवाटेने निवांत रपेट करण्याजोग्या घोड्याला इथे तसे म्हणतात. हॅकनी हा आज पूर्व लंडनचा भाग आहे. पूर्वी तिथल्या कुरणांत घोडे चरत आणि त्यावरूनच भाड्याच्या घोड्याला ‘हॅकनी’, थोडक्यात ‘हॅक’, हे नाव पडले, असे मानतात. पुढे पैशासाठी वाटेल ते लिहिणारा लेखकही ‘हॅक’ ठरला, म्हणजे आपल्याकडचे भाड्याचे तट्टूच, आणि वापरून गुळगुळीत झालेली कल्पना ‘हॅकनीड’ ठरली. लंडनची काळी टॅक्सी कायद्याच्या भाषेत अजूनही ‘हॅकनी कॅरेज’च आहे.

विक्रेत्याने घोडीचा पासपोर्ट, म्हणजे तिचे ओळखपत्र, पुढे केला. इंग्लंडमध्ये तो सक्तीचा आहे, पण घोडा वयात आल्यावर काढलेल्या पासपोर्टात जन्मवर्ष अनेकदा मालक सांगेल तेच असते, आणि या कागदावर लोक बँकेच्या पुस्तकासारखा विश्वास ठेवतात. मी घोडीचा ओठ वर केला. पाचव्या वर्षापर्यंत पटाशीचे सगळे दात पक्के होतात. त्यानंतर माथ्यावरचे खळगे झिजत जातात, गोलसर दात त्रिकोणी होतात आणि वरच्या व खालच्या दातांमधला कोन तिरपा होत जातो. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर सुमारे दहाव्या वर्षी हिरडीशी एक खोबण उगवते, विसाव्यापर्यंत ती टोकाला पोहोचते आणि मग वरून पुसट होऊ लागते. सिडनी गॅल्व्हेन या एकोणिसाव्या शतकातल्या घोडे वठणीवर आणणाऱ्याचे नाव तिला मिळाले आहे. ती काही पंचांग नव्हे, चार-पाच वर्षांची चूक सहज होते. पण इथे ती दातभर उतरून वरून पुसट होऊ लागली होती आणि बाकीच्या खुणाही तेच सांगत होत्या. “लाँग इन द टूथ कोण नसतं, डॉक्टर?” विक्रेता हसत म्हणाला. म्हाताऱ्या माणसाबद्दलचा हा वाक्प्रचार घोड्याच्या तोंडातूनच आला आहे.

त्याचे पूर्वज अधिक मेहनती होते. ते झिजलेल्या दातांत कोरून खळगे पाडत आणि तापल्या सळईने ते काळे करत. या लबाडीला ‘बिशपिंग’ म्हणत. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ मधल्या बाजारू इंग्रजीच्या कोशात घोड्याच्या गुदद्वारात आले घालण्याची युक्ती नोंदलेली आहे. त्याआधी म्हणे जिवंत ईल मासा घालत. त्या वेदनेने म्हातारे जनावर शेपूट उंचावून तरतरीत दिसे. आज मरगळलेल्या सभेला ‘जिंजर अप’ करा असे म्हणणाऱ्या साहेबांना हे कोणी सांगत नाही. आता आल्याचे काम वेदनाशामक औषधे करतात आणि रक्ताचा नमुना ठेवण्याचे एक कारण तेच आहे.

मुलीसाठी घोडी घ्यायला आलेली आई दुसऱ्या फेरीनंतर म्हणाली, “बिचारी नॅकर्ड दिसतेय.” तिला फक्त ‘दमलेली’ म्हणायचे होते. नॅकर हा पूर्वी घोड्याचे सामान बनवणारा कारागीर होता. पुढे निकामी घोडे विकत घेऊन मारणारा आणि त्यांची कातडी-हाडे विकणारा तो नॅकर, आणि ‘नॅकर्ड’ त्याच्याच धंद्याशी जोडला जातो. ‘जेडेड’, म्हणजे थकून कंटाळलेला, हाही तसाच: चॉसरच्या काळापासून ‘जेड’ म्हणजे रद्दी घोडा.

अहवालात मी ‘वय विसाच्या पुढे असण्याची दाट शक्यता’ असे लिहिले आणि त्या बाईंनी सौदा मोडला. पुढच्याच आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा झळकली, वय चौदा. अहवाल ज्याने पैसे मोजले त्याच्या मालकीचा असतो, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवण्याची मुभा मला नाही; आणि घोडी धडधाकट असल्याने त्या गिऱ्हाइकाने स्वतः तपासणी मागितली नाही, तर तिच्या तोंडात डोकावण्याचे कारण कुणालाच उरत नाही.