चोवीस इंची

११ जानेवारी, रविवार

ट्रायथलॉनची सायकल घ्यायची म्हणून बेचाळिसाव्या वर्षी आज पहिल्यांदा स्वतःच्या पायांचं माप घेतलं. उंची सगळ्यांना ठाऊक आहे, १९६ सेंटिमीटर. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मधल्या चौकटीलाही ती चांगलीच ठाऊक आहे. पण त्यात पाय किती आणि धड किती, हे ना कधी कोणी विचारलं, ना मला विचारावंसं वाटलं.

कृती सोपी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुस्तक मांड्यांमध्ये धरून सीटसारखं घट्ट वर ओढायचं आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करायची. पुस्तक द्यायला आईने साफ नकार दिला. "सरस्वती आहे ती, पायांत कसली धरतोस?" पोळपाट मागायची माझी हिंमत नव्हती. शेवटी बुद्धिबळाचा घडीचा पट मिळाला. बाबा स्टुलावर बसून पेन्सिल धरणार, "हलू नकोस" म्हणणार आणि स्वतःच हलणार. तीनदा मोजलं. ९३.५, ९४.५, ९४. चौऱ्याण्णव धरलं.

याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे ते. माझं उत्तर ८३ सेंटिमीटर. मग आत्ताच्या रोड बाइकवर टेप लावला तर साडेब्याऐंशी! म्हणजे इतकी वर्षं अंदाजाने चाललेलं बरोबरच होतं.

"मग अडलंय कुठे?" बाबांनी विचारलं.

हातांशी अडलंय. सीट वर ओढता येते, हँडल येत नाही. रोड बाइकला वरून बसवलेल्या एअरोबारवर, म्हणजे वाऱ्यात वाकून जायच्या दांड्यांवर, कोपरं टेकली की मी सीटवरून विहिरीत वाकून बघणाऱ्या माणसासारखा दिसतो. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला (पोहणं, सायकल, पळणं, सगळं सलग) सायकलच्या ९० किलोमीटरपैकी साठ कसेबसे निघाले, मग कंबर बोलायला लागली. पुढचे २१ किलोमीटर पळणं म्हणजे काय होतं ते लिहीत नाही. आईला ट्रायथलॉन म्हणजे मिलिंद सोमण एवढंच माहीत. तो एकोणपन्नासाव्या वर्षी झुरिकला पूर्ण आयर्नमॅन करून सरळ उभा होता आणि तू वाकडा का, हा तिचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे.

जिन्याखाली बाबांची हर्क्युलिस आहे. चाळीसेक वर्षं बाबा तीवर कामाला गेले, मला दांडीवर बसवून शाळेत सोडलं. आज सहज फ्रेम मोजली. २४ इंच. म्हणजे ६१ सेंटिमीटर! बाबा सांगत होते, घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने त्यांना एकदा खालून वर बघितलं आणि विचारलं, "बावीस की चोवीस?" बस. बाबा सहा फूट तीन. चोवीस मिळाली, संपला विषय.

मला हा प्रश्न आजवर एकाही दुकानात कोणी विचारलेला नाही.

१३ जानेवारी

आठ वर्षांपूर्वीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. पहिली चांगली सायकल ५६ साइजची घेतली. "याहून मोठी येतच नाही" असं सांगण्यात आलं आणि मी विश्वास ठेवला. सीट माझ्या पायांना पुरेना, तेव्हा दुकानातल्या मुलाने सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, वर ओढला. दांड्यावर कोरलेली रेघ दिसायला लागली, किमान इतका भाग आत हवाच असं सांगणारी. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "कंई नहीं थाय, भाई." दोन वर्षं खरंच काही झालं नाही. मग एके दिवशी अजव्याहून परतताना टकटक आवाज यायला लागला. घरी आणून पुसलं तर सीट ट्यूबच्या जोडापाशी केसाएवढी चीर. माझं ९२ किलो वजन आणि तो लांब तरफ झालेला दांडा, दुसरं काय होणार होतं?

नंतर ५८ ची फ्रेम आणि ४०० मिलिमीटरचा सीटपोस्ट घेतला. रोड बाइकवर हे चालून जातं, कारण पोस्ट गोल असतो, जाडी जुळली की दुसरा बसतो. ट्राय बाइकचा, म्हणजे ट्रायथलॉनच्या सायकलचा, पोस्ट वाऱ्यासाठी चपटा, त्या त्या कंपनीच्या त्या त्या मॉडेलचा. तो अपुरा पडला की सायकलच अपुरी पडली.

१५ जानेवारी, वासी उत्तरायण

आठवडाभर सायकल बंद. बडोद्यात या दिवसांत मांजापासून वाचायला लोक स्कूटरच्या हँडलला तारेची कमान बांधतात. एअरोबारवर काय बांधणार? बरं, स्कूटरवाल्याच्या डोक्यावरून जाणारा दोरा माझ्या गळ्यापाशी येतो. त्यामुळे गच्चीत बसलो. आजूबाजूला "काप्यो छे" चालू, मांडीवर वही, ताटलीत उंधियुं. उंधियुं आधी संपवलं.

एक्सएल, एक्सएल म्हणून गेले तीन महिने मी दुकानदारांना फोन करत होतो. त्या अक्षरांना काही अर्थ नाही. एकाचं एक्सएल दुसऱ्याच्या लार्जच्या बरोबरीचं. बघायचे ते दोनच आकडे, स्टॅक आणि रीच. क्रँकच्या आसापासून हँडलची नळी सरळ वर किती, तो स्टॅक. त्याच आसापासून पुढे किती, तो रीच. यांचं मोजमाप सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने देतात.

मग माझं गणित. रोड बाइकची सीट ट्यूब साधारण ७३ अंशांत कललेली असते. ट्राय बाइकवर बसायची जागा ७८ च्या आसपास येते, म्हणजे माणूस पेडलच्या जवळजवळ डोक्यावर. माझ्या ८३ सेंटिमीटरला या पाच अंशांचा फरक सात सेंटिमीटर पडतो. सात सेंटिमीटर पुढे! एवढं पुढे सरकलं की वाकूनही मांडी पोटात घुसत नाही. माझी कंबर या सातांसाठी रडत होती आणि मी तिला योगासनं शिकवत होतो.

७८ अंशांत सीटची सरळ उभी मोजलेली उंची आसापासून ८१ येते. कोपरं सीटपेक्षा बारा सेंटिमीटर खाली मला झेपतात, त्याहून खाली नाही, भिंतीशी स्टूल लावून तपासलं. म्हणजे कोपराची गादी ६९ वर हवी. फ्रेमचा स्टॅक ५४ असेल तर वर पंधरा सेंटिमीटरचा मनोरा चढवावा लागेल आणि त्या मनोऱ्यावर बसून वळणं घ्यायची म्हणजे वरातीच्या घोड्यावरचा नवरदेव. स्टॅक ५९ असेल तर दहा उरतात. स्टेम (हँडल धरणारा तुकडा), बार आणि गादीचे ठोकळे मिळून तेवढं होतंच.

तर मला मोठी नाही, उंच सायकल हवी आहे. माझी उंची बरीचशी पायांत आहे, धड चारचौघांसारखं. लांबीने मोठी घेतली असती तर हात पुरले नसते.

क्रँकचंही तसंच. पाय लांब तर १८० मिलिमीटरचे घाला, असं दोघांनी सांगितलं. सायकल मापाने बसवून देणाऱ्या माझ्या फिटरचं उलट. क्रँक लांब झाला की पेडल वर आल्यावर गुडघा तेवढाच जास्त वर येतो, आणि ट्राय बाइकवर नेमकी तिथेच जागा कमी. १७५ पुरे, म्हणाला. मला पटलं.

यान फ्रोडेनो १९४ सेंटिमीटरचा आहे. बीजिंगचं ऑलिंपिक सुवर्ण, शिवाय आयर्नमॅनचं जगज्जेतेपद तीनदा. माझ्याहून दोन सेंटिमीटर बुटका. वहीत हे लिहून जरा बरं वाटलं.

१८ जानेवारी, रविवार, गाडीत

बोरिवलीला जाऊन आलो. जुनी ट्राय बाइक, सगळ्यात मोठा साइज, विकणाऱ्याच्या मानेची गादी सरकली म्हणून. दार उघडलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे समोरासमोर बघत राहिलो. मला सवयच नाही. दोन उंच माणसं भेटली की नमस्काराच्या आधी डोळ्यांनी माप घेतात. तो माझ्याहून बोटभर जास्त निघाला. त्याच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, "बसा हो, तुम्ही दोघं उभे राहिलात की खोली लहान होते."

टेप मीच काढला. सायकल समतळ उभी करून जमिनीपासून क्रँकचा आस २७, हँडलच्या नळीचा माथा ८६. वजाबाकी ५९. मी दोनदा मोजलं, तो हसत होता. पोस्ट बाहेर काढून बघितला, माझ्या उंचीला लावल्यावरही रेघ आत बोटभर राहते. नाण्याने कार्बनच्या फ्रेमवर ठिकठिकाणी टिचक्या मारून ऐकलं, कुठे बद्द आवाज नाही. मागच्या ब्रेकची केबल गंजलीय, चेन संपलीय, ते माझ्याकडे. ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, चढवून बसलो. कोपरं टेकली आणि वाट बघत राहिलो, कधी दुखतंय म्हणून. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "उतरा आता, माझी नाही म्हणावीशी वाटायला लागेल."

भाव फार केला नाही. त्याला विकवत नव्हती, ते दिसत होतं.

चाकं काढून बॅगेत घातली तरी बर्थखाली जाईना. सीटपोस्ट काढला, मग गेली. माझे पाय नेहमीप्रमाणे बर्थबाहेर, येणारे-जाणारे धडकताहेत. टीसीने बॅगेकडे बघितलं, पायांकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला.

२५ जानेवारी, रविवार

सेवासीवरून सिंधरोटला. सकाळी गारठा, महीकडून येणारा वारा समोरून. कोपरं टेकवली आणि वारा डोक्यावरून गेला. इतकी वर्षं तो छातीवर यायचा. सपाट रस्त्यावर पन्नास मिनिटं हात न उचलता गेलो, वाटेत फक्त एक म्हैस. कंबर गप्प. सायकल वळवायला मात्र जिवावर येतं, बस वळवल्यासारखी वळते. डाव्या कोपराला गादीची कड रुततेय, पाच मिलिमीटर बाहेर सरकवायला हवी. परत येताना सेव-उसळ, तर्री जास्त, पाव चार.

घरी आल्यावर लक्षात आलं की जिन्याखाली ही मावत नाही. सीट तिसऱ्या पायरीच्या पोटाला अडते. आई गॅलरीत ठेवू देणार नाही, तिथे तिची तुळस. सीट रोज काढघाल केली तर माप हलेल. मी उभा राहून विचार करत होतो तोवर बाबा आतून आले, हर्क्युलिसचं स्टँड लाथेने मागे ढकललं आणि ती बाहेर काढली. जिन्याचा पुढचा भाग उंच, तिथे ती उभी होती इतकी वर्षं. माझी तिथे बसली. हर्क्युलिस मागच्या कोपऱ्यात गेली, जरा तिरकी.

"हिला कॅरियर नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग भाजी कुठे ठेवायची?"